प्रशासकाच्या अमलातील शहर : महाराष्ट्र विधिमंडळाच्या सदस्यांस खुले पत्र

महाराष्ट्र विधानसभा आणि विधान परिषद यांच्या सर्व सन्माननीय सदस्यांस,



मे २०२० मध्ये नवी मुंबई महानगरपालिकेच्या लोकनियुक्त सभागृहाची मुदत संपली, आणि तेव्हापासून १५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातील २९ महानगरपालिकांसाठी एकाच दिवशी मतदान होईपर्यंत, म्हणजे साडेपाच वर्षांहून अधिक काळ, २०११ च्या जनगणनेतच अकरा लाखांवर लोकसंख्या नोंदविलेल्या या शहराचा सारा कारभार राज्य शासनाने नेमलेल्या एका अधिकाऱ्याच्या स्वाक्षरीने चालत होता. आता सभागृह पुन्हा अस्तित्वात आले आहे, आणि मधल्या काळाची आठवण काढणे म्हणजे शिळ्या कढीला ऊत आणणे होय असे पुष्कळांना वाटू लागले आहे. मला तसे वाटत नाही. तो काळ संपला तो विधिमंडळाने केलेल्या एखाद्या कायद्यामुळे संपला नाही. सर्वोच्च न्यायालयाने मुदत घालून दिली, ती वाढवून दिली आणि अखेर ती पाळावी लागली, म्हणून संपला. ज्या वाटांनी तो आला त्या वाटा कायद्याच्या पुस्तकात अद्याप मोकळ्या आहेत. त्या बंद कशा कराव्यात याविषयी माझे काही निवेदन आहे. परंतु ते करण्यापूर्वी, या वर्षांत आम्हा नागरिकांचे नेमके काय गेले हे मांडणे मला अगत्याचे वाटते, कारण जे गेले ते रस्त्यात, नळात किंवा कचऱ्याच्या गाडीत दिसणारे नव्हते.

कोणा अधिकाऱ्याविरुद्ध तक्रार करण्यासाठी मी लेखणी उचललेली नाही. महासाथीच्या भीषण दिवसांपासून पुढे जे जे प्रशासक येथे आले त्यांच्या कर्तव्यदक्षतेविषयी शंका घेण्याचे मला कारण नाही. केंद्र शासनाच्या २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात नवी मुंबई देशात तिसरी आली, आणि पुढच्या सर्वेक्षणात सातत्याने वरच्या क्रमांकावर राहिलेल्या शहरांचा जो स्वतंत्र वर्ग करण्यात आला त्यातही तिचे नाव होते. खालापूर तालुक्यातील मोरबे धरण पालिकेच्या स्वतःच्या मालकीचे असल्यामुळे शेजारच्या शहरांच्या मानाने येथे पाण्याची ददात कमी. मी राहतो त्या सानपाड्यात, एका बाजूला शीव–पनवेल महामार्ग आणि दुसऱ्या बाजूला पाम बीच मार्ग यांच्या बेचक्यात वसलेल्या या वसाहतीत, सकाळी घराबाहेर पडणाऱ्या माणसाला रस्ता झाडलेला दिसतो आणि रात्री परतताना दिवे लागलेले असतात. कारभार वाईट असता तर माझे काम सोपे झाले असते. वाईट कारभाराचा दोष कोणालाही दाखविता येतो. कारभार बरा असतानाच हा प्रश्न त्याच्या शुद्ध स्वरूपात समोर उभा राहतो, की शहर नीट चालत असेल तर ते कोणाच्या अखत्यारात चालते, हे विचारण्याचे नागरिकाला प्रयोजन काय?

हा प्रश्न या देशात पहिल्यांदा विचारला गेला तो परक्या राज्यकर्त्यांकडून, आणि त्याला उत्तर दिले ते आपल्याच मागच्या पिढ्यांनी. व्यक्तिस्वातंत्र्याचा पुरस्कर्ता म्हणून जगभर ज्याचे नाव घेतले जाते तो जॉन स्टुअर्ट मिल १८२३ ते १८५८ अशी पस्तीस वर्षे ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत नोकरीस होता. १८५९ च्या आपल्या 'ऑन लिबर्टी' या ग्रंथात त्याने सरकार आणि समाज या दोघांच्याही जबरदस्तीपासून व्यक्तीचे मन व आचार मुक्त राहिले पाहिजेत असे प्रतिपादन केले. आणि त्याच ग्रंथात, ज्या समाजांची अजून पुरेशी वाढ झालेली नाही त्यांच्यावर सुबुद्ध हुकूमशाही चालविणे योग्य ठरते, असा अपवादही नोंदवून ठेवला. हा अपवाद आपल्यासाठी होता. दोनच वर्षांनी प्रतिनिधिक शासनावर लिहिलेल्या ग्रंथात स्थानिक संस्थांना एक स्वतंत्र प्रकरण देऊन, सामान्य माणसाला सार्वजनिक कामाची दीक्षा देणाऱ्या त्या शाळा आहेत असेही त्याने सांगितले. हा सिद्धान्त आणि हा अपवाद एकाच डोक्यात कसे नांदले याचा उलगडा तत्त्वज्ञानाच्या इतिहासकारांनी करावा. महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट एवढीच, की रानडे, तेलंग, आगरकर आणि गोखले या मंडळींनी मिल मनापासून वाचला, त्याचा सिद्धान्त स्वीकारला आणि त्याचा अपवाद साफ नाकारला. न्यायमूर्ती रानड्यांनी इंग्लंड आणि हिंदुस्थान येथील स्थानिक राज्यकारभाराची तुलना करणारा प्रबंध लिहिला. गोखल्यांनी १९०८ मध्ये विकेंद्रीकरणाची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनपुढे साक्ष देऊन, ग्रामपंचायतीपासून जिल्ह्यापर्यंत लोकांनी निवडलेल्या मंडळांच्या हाती खराखुरा अधिकार असला पाहिजे, अशी मागणी केली. आणि हे गोखले पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषविलेले गृहस्थ असल्यामुळे गटारे, दिवे आणि घरपट्टी यांचा त्यांना प्रत्यक्ष अनुभव होता.

इंग्रजांतील उदारमतवाद्यांपैकी लॉर्ड रिपन यांनीही हे ओळखले होते. १८ मे १८८२ च्या त्यांच्या सुप्रसिद्ध ठरावात स्थानिक स्वराज्य द्यावयाचे ते मुख्यतः कारभार सुधारेल म्हणून नव्हे, तर त्यायोगे लोकांना राजकीय शिक्षण मिळेल म्हणून, असे स्पष्ट म्हटलेले आहे. काही ठिकाणी आरंभी कारभार जरा ढिला पडला तरी चालेल, हे त्यात गृहीतच होते. त्या ठरावाला विरोध करणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यांचे म्हणणे असे की नेटिव्हांच्या समित्यांपेक्षा कलेक्टर साहेब शहर अधिक स्वच्छ ठेवील. कदाचित ठेविलेही असते. तरीही आपल्या पूर्वजांनी समित्या मागितल्या, आणि त्या मागणीतूनच पुढे प्रांतिक कायदेमंडळे, निवडणुका आणि अखेरीस ज्या सभागृहांत आज आपण बसता ती सभागृहे निर्माण झाली. आपली सभागृहे या परंपरेची वारस असताना त्यांच्या डोळ्यांदेखत राज्यातील सर्वच महानगरपालिका काही काळ प्रशासकांच्या हाती राहिल्या, याचे मला अत्यंत दुःख आहे.

महानगरपालिकेच्या कारभाराची जी घडी आज आपल्याकडे आहे ती मुंबईत घातली गेली, आणि ती कशी पडली हे माहीत असल्यावाचून प्रशासकाच्या काळात काय मोडले ते ध्यानात येणार नाही. १८६५ च्या कायद्यान्वये आर्थर क्रॉफर्ड हे मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर झाले. माणूस मोठा कर्तबगार. रस्ते, गटारे, मंडई अशी कामे त्यांनी धडाक्याने केली आणि शहराचे रूप पालटले. पण त्यांच्या खर्चाला लगाम घालण्याचे काम ज्या जस्टिस ऑफ द पीस मंडळाकडे होते त्याच्या हाती ती शक्ती नावापुरतीच होती, आणि १८७१ पर्यंत पालिकेच्या तिजोरीची अशी अवस्था झाली की करदाते संतप्त होऊन उठले. कमिशनरचे पदच नष्ट करावे असे बहुतेकांचे मत होते. त्या वेळी सव्वीस वर्षांच्या फिरोजशहा मेहता नावाच्या बॅरिस्टरने वेगळी भूमिका घेतली: काम करणारा हात एकच असावा, तो समर्थ असावा, परंतु त्या हाताला पैसा देणारी, हिशेब विचारणारी आणि 'नाही' म्हणू शकणारी सभा करदात्यांनी निवडलेली असावी. १८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांची पालिका निर्माण झाली आणि त्यांतील निम्मे सभासद करदात्यांनी निवडावयाचे ठरले. आणि पुढे ज्या १८८८ च्या कायद्याच्या घडणीत फिरोजशहांचा फार मोठा वाटा होता, त्याने ही व्यवस्था पक्की केली. आयुक्ताने दरखास्त मांडावी, स्थायी समितीने तिची छाननी करावी, सर्वसाधारण सभेने ठराव करावा, ही तीच घडी होय, आणि १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमातून ती नवी मुंबईपर्यंत आली आहे. अधिकाराचे वाटे केल्यावाचून प्रजेचे स्वातंत्र्य सुरक्षित राहत नाही, हा माँतेस्क्यूने १७४८ मध्ये सांगितलेला विचार आमच्या घरपट्टीच्या पावतीपर्यंत पोहोचला तो याच मार्गाने.

प्रशासकाची नेमणूक होते तेव्हा ही घडी एका क्षणात उलगडली जाते. नवी मुंबईत आयुक्त हेच प्रशासक होते. म्हणजे दरखास्त मांडणारे तेच, स्थायी समितीच्या अधिकाराने तिला मंजुरी देणारे तेच आणि सर्वसाधारण सभेच्या अधिकाराने तिच्यावर शिक्कामोर्तब करणारेही तेच. पाच हजार कोटी रुपयांच्या पुढे गेलेला अर्थसंकल्प ज्याने तयार करावयाचा त्यानेच तो स्वतःला सादर करावयाचा आणि स्वतःच संमत करावयाचा, ही स्थिती कितीही सज्जन माणसाच्या बाबतीत झाली तरी ती सुस्थिती नव्हे. १८७१ च्या आधी क्रॉफर्ड यांच्यावर निदान जस्टिसांचे नाममात्र मंडळ तरी होते.

क्रॉफर्ड यांच्या नावाची ती मुंबईतील मंडई आज महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाने ओळखली जाते, आणि हा नामबदल मला फार अर्थपूर्ण वाटतो. जोतीराव १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. तेही लोकनियुक्त नव्हे, सरकारनियुक्त. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या पुणे-भेटीनिमित्त शहर शृंगारण्यासाठी एक हजार रुपये खर्च करावेत असा प्रस्ताव आला तेव्हा, हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे लावावा असे म्हणून त्यांनी एकट्यांनी विरोध केला. प्रस्ताव अर्थातच संमत झाला. परंतु तो विरोध घडू शकला, कारण खर्चापूर्वी प्रस्ताव जेथे वाचावाच लागतो अशी एक जागा होती, प्रस्तावाच्या विरुद्ध बोलणे हा ज्याचा हक्कच आहे असा एक माणूस तेथे बसला होता, आणि त्याचे बोलणे दफ्तरात उतरवून घेणे भाग होते. प्रशासकाच्या कचेरीत हुशार अधिकारी असतात, सल्लागार असतात. वरिष्ठाच्या प्रस्तावाला उघडपणे विरोध करणे हे ज्याचे कर्तव्य आहे असा मात्र तेथे कोणी नसतो, आणि सेवेच्या शिस्तीत तो असूही शकत नाही. या पाच-साडेपाच वर्षांत नवी मुंबईत किती खर्च योग्य झाला आणि किती अयोग्य, हे मी सांगू शकणार नाही. आणि मला ते सांगता येत नाही, याचे कारणच मुळी हे आहे की त्या खर्चाविरुद्ध बोलणारा आवाज दफ्तरात उमटण्याची सोय नव्हती.

व्यक्तिस्वातंत्र्य म्हटले की आपल्यासमोर भाषण, लेखन, उपासना यांचे स्वातंत्र्य उभे राहते, आणि ते योग्यच आहे. पण सामान्य माणसाचे दैनंदिन स्वातंत्र्य पुष्कळ अंशी नगरपालिकेच्या कपाटात बंद असते. दुकानाचा परवाना, नळजोडणी, मालमत्ता कर, बांधकामाची नोटीस, जन्म-मृत्यूचा दाखला, यांपैकी प्रत्येक ठिकाणी सत्ता आणि एकटा माणूस समोरासमोर येतात. सानपाडा स्थानकाबाहेर फळे विकणाऱ्या एखाद्या बाईची हातगाडी उचलली गेली तर तिला उच्च न्यायालय गाठता येत नाही. २०१४ च्या पथविक्रेत्यांच्या कायद्याने तिला हक्क दिले आहेत, पण ते हक्क तिच्या वतीने कोणीतरी मोठ्याने बोलून दाखवावे लागतात, आणि हे काम बरेवाईट जसे असेल तसे वॉर्डातील नगरसेवक करीत असतो. पुढच्या निवडणुकीत तिचे मत त्याला हवे असते. प्रशासकाला ते नको असते. लोकशाहीतील नाते कित्येकदा इतक्या साध्या गरजेवर उभे असते, आणि मला त्यात कमीपणा वाटत नाही.

नवी मुंबईच्या बाबतीत या गोष्टीला आणखी एक गंभीर बाजू आहे. हे शहर संमतीतून जन्मलेले नाही. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 'मार्ग' नियतकालिकातून खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडली; ती कल्पना उदात्त होती, आणि तिच्यामागची बुद्धी प्रथम दर्जाची होती, हे मी आजही मानतो. मार्च १९७० मध्ये कंपनी कायद्याखाली सिडकोची स्थापना झाली, ठाणे, पनवेल आणि उरण या भागांतील ९५ गावांच्या जमिनी या प्रकल्पासाठी ठरविण्यात आल्या, आणि भातशेती, मिठागरे व खाडीतील मासेमारी यांवर जगणाऱ्या आगरी-कोळी समाजाला, त्यांच्या भूमीवर कोणते शहर उभे राहावे हे कोणी विचारले नाही. जॉन लॉकने १६८९ च्या सुमारास राज्यसत्तेचा पाया लोकांच्या संमतीवर ठेवला आणि संमतीवाचून कोणाची मालमत्ता घेऊ नये असे म्हटले. त्या कसोटीवर या शहराचा आरंभ उतरत नाही. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात शेतकरी उठले, पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांनी प्राण दिले, आणि त्यानंतर काही वर्षांनी संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. जे विचारविनिमयाने प्रारंभीच मिळावयास हवे होते ते रक्त सांडल्यावर मिळाले.

महानगरपालिका १ जानेवारी १९९२ रोजी सुरू झाली आणि तिची पहिली निवडणूक १९९५ मध्ये झाली. म्हणजे १९७० पासूनच्या या शहराच्या अर्ध्याहून अधिक आयुष्यात त्याला स्वतःचे निवडलेले सभागृह नव्हते. १९९५ ते २०२० ही पंचवीस वर्षे तेवढी त्याच्या वाट्याला आली. सानपाडा गावात, गावठाणाबाहेर वाढत्या कुटुंबांनी गरजेपोटी बांधलेली घरे आहेत, आणि त्यांच्यापासून थोड्याच अंतरावर सिडकोने आखलेल्या सेक्टरांतील आमच्या इमारती आहेत. या दोन वस्त्यांतील माणसे एकमेकांच्या शेजारी राहतात, एकाच बाजारात भाजी घेतात. पण आपले प्रश्न एकमेकांसमोर मांडून, वाद घालून, काही सोडून आणि काही मिळवून निकाल लावण्याची त्यांची एकमेव सनदशीर जागा म्हणजे पालिकेचे सभागृह. ती जागा बंद झाली की गावातील माणूस मंत्रालयाकडे धाव घेतो, सेक्टरातील माणूस न्यायालयाकडे जातो, आणि शेजारी एकमेकांशी बोलेनासे होतात.

याच बंद काळात शहराच्या भवितव्याचा आराखडा निघाला. पालिकेच्या स्वतःच्या विकास योजनेचा मसुदा २०२२ मध्ये हरकती व सूचनांसाठी प्रसिद्ध झाला. १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाप्रमाणे अशा हरकती ऐकण्यासाठी जी नियोजन समिती बसते तिच्यात स्थायी समितीचे तीन सभासद आणि चारपर्यंत तज्ज्ञ असावेत अशी तरतूद आहे. कायदा करणाऱ्यांचा हेतू उघड आहे: तज्ज्ञांनी नकाशा समजावून सांगावा, आणि लोकांच्या प्रतिनिधींनी त्या नकाशात माणसे कोठे राहतात हे सांगावे. नवी मुंबईत त्या वेळी स्थायी समितीच अस्तित्वात नव्हती. कोणता भूखंड शाळेसाठी राहावा, कोणता विक्रीस जावा, पाणथळ जागेच्या कडेला काय उभे राहावे, या वीस वर्षे पुरणाऱ्या प्रश्नांवरील हरकती अशा मंडळापुढे ऐकल्या गेल्या की ज्यात आम्ही निवडून दिलेला एकही माणूस नव्हता. साडेपाच वर्षांतील अन्य सर्व गोष्टी मी कदाचित विसरेन. ही विसरणे मला शक्य नाही.

यावर मला जे सांगितले जाते ते मी ऐकून घेतलेले आहे. नगरसेवक ठेकेदारांचे भागीदार असतात, टक्केवारी घेतात, वॉर्ड आपल्या घराण्याची वतने समजतात, असे म्हणणारे लोक माझ्या आसपास पुष्कळ आहेत आणि ते खोटे बोलत नाहीत. पण उदारमतवादाने माणसाच्या सज्जनपणावर कधीच भिस्त ठेवलेली नाही. सत्ता हाती आलेला कोणीही माणूस बिघडू शकतो या शंकेवरच त्याची सारी रचना उभी आहे, आणि म्हणून दोन शक्यतांपैकी, ज्याला पाच वर्षांनी घरी पाठविता येते असा सदोष माणूस त्याला अधिक पत्करतो. याहून गंभीर आक्षेप वेगळा आहे आणि तो आपल्याच कोकणाच्या भूमीत नोंदलेला आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत अशा १९२३ च्या बोले ठरावानंतर महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे अस्पृश्यांना खुले केल्याचा ठराव केला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी प्याले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच नगरपालिकेने आपला तो ठराव मागे घेतला. स्थानिक संस्था, स्थानिक बहुमत, आणि त्या बहुमताने हिरावलेला माणसाचा पाण्याचा हक्क! तो हक्क पुढे उच्च न्यायालयाने १९३७ मध्ये मान्य केला. घटना परिषदेत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी खेड्याला राज्यघटनेचा घटक मानण्यास नकार दिला आणि व्यक्ती हाच घटक मानला, त्यामागे हा अनुभव होता. आगरकरांनीही 'सुधारका'तून हयातभर हेच सांगितले, की व्यक्तीला सरकारइतकेच, किंबहुना अधिक, भय आपल्या समाजाचे असते. आणि आजही एखाद्या एकट्या स्त्रीला अथवा अन्यधर्मीय कुटुंबाला घर नाकारणाऱ्या गृहनिर्माण संस्था पाहिल्या म्हणजे त्यांचे म्हणणे जुने झालेले नाही हे कळते. म्हणून सभागृह हवे, आणि सभागृहाच्या डोक्यावर मूलभूत हक्क व न्यायालयही हवे. महाडचा धडा सभागृह बंद करण्याचा नाही. त्या सभागृहात पूर्वी ज्यांना प्रवेश नव्हता त्यांना आत आणण्याचा आहे, आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने स्त्रियांना व मागासवर्गीयांना आरक्षित जागा देऊन तेच केले.

आता आपल्या वाट्याकडे येतो. राज्यघटनेचा अनुच्छेद २४३-यू सांगतो की महानगरपालिकेची मुदत पाच वर्षांची, ती संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे, आणि पालिका मध्येच विसर्जित झाली तर सहा महिन्यांत. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने किशनसिंग तोमर खटल्यात हे बंधन टाळता येण्याजोगे नाही असे निःसंदिग्ध सांगितले होते. २०२० मध्ये महासाथ आली. त्या वर्षी निवडणूक पुढे ढकलणे योग्यच होते. ४ मार्च २०२१ रोजी न्यायालयाने इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणासाठी तीन कसोट्या घातल्या, आणि ते आरक्षण टिकले पाहिजे हा आग्रहही माझ्या मते रास्त होता. नवी मुंबईच्या मूळ गावांतील आगरी समाजाचा त्यात प्रत्यक्ष हितसंबंध आहे. परंतु बांठिया आयोगाच्या अहवालानुसार आरक्षण देण्यास २० जुलै २०२२ रोजी न्यायालयाने अनुमती दिल्यानंतरही साडेतीन वर्षे का गेली? मार्च २०२२ मध्ये आपण प्रभागरचनेचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून काढून राज्य शासनाकडे घेतला. ऑगस्टमध्ये नव्या शासनाने आधीची सदस्यसंख्या फिरविली. नवी मुंबईत एकसदस्यीय वॉर्ड होते ते कागदावर त्रिसदस्यीय झाले आणि प्रत्यक्ष मतदान चार सदस्यांच्या प्रभागांत झाले. जो पक्ष सत्तेत होता त्याने आपल्या सोयीने सीमा आखल्या आणि जो विरोधात होता त्याने न्यायालय गाठले, मग भूमिका बदलल्या तेव्हा तेच उलट क्रमाने झाले. एका चौकातील खड्ड्यासाठी चार नगरसेवकांपैकी कोणाला जबाबदार धरावे हे मतदाराला कळेनासे होते, हा चार सदस्यांच्या प्रभागाचा दोष तर आहेच.

माझे निवेदन असे आहे. महानगरपालिका, नगरपालिका आणि जिल्हा परिषदा यांच्या अधिनियमांत एकच दुरुस्ती करून, मुदत संपल्यावर निवडणूक झालेली नसेल तर नेमावयाचा प्रशासक आयुक्ताहून वेगळा असावा आणि त्याची मुखत्यारी सहा महिन्यांनी आपोआप संपावी, असे लिहावे. त्या काळात त्याने चालू खर्च भागवावा. विकास योजना, भूखंडांची विल्हेवाट आणि पालिकेला पाच-दहा वर्षे बांधून टाकणारे ठेके यांना त्याने हात लावू नये, आणि लावावाच लागला तर तो निर्णय नव्या सभागृहापुढे फेरविचारासाठी आलाच पाहिजे. प्रभागरचना, आरक्षणाची सोडत आणि सीमांची निश्चिती यांचा अधिकार निवडणूक आयोगाकडे परत द्यावा आणि मुदत संपण्यापूर्वीच्या एका वर्षात सदस्यसंख्येत वा प्रभागाच्या प्रकारात कोणत्याही शासनाला फेरफार करता येऊ नये. एकसदस्यीय वॉर्ड पूर्ववत बहाल करावा. आणि २००९ मध्ये आपणच संमत केलेल्या कायद्यातील क्षेत्रसभेची तरतूद, जी बहुतेक शहरांत कागदावरच राहिली आहे, ती अमलात आणण्याचा हुकूम काढावा, म्हणजे पालिकेचे सभागृह दुर्दैवाने पुन्हा बंद पडले तरी मतदान केंद्राच्या पातळीवर नागरिकांची नोंद ठेवणारी एक सभा जिवंत राहील.

हे आत्ताच करावे असे मी का म्हणतो ते सांगतो. आता निवडून आलेल्या सभागृहांची मुदत पहिल्या बैठकीपासून पाच वर्षांनी, म्हणजे २०३१ मध्ये संपेल. त्यापूर्वी २०२७ च्या जनगणनेचे आकडे हाती आलेले असतील, आणि लोकसंख्या वाढलेल्या नवी मुंबईसारख्या शहरांत सदस्यसंख्या, सीमा आणि आरक्षण यांचा वाद नव्याने उभा राहील. तेव्हा सत्तेत कोण असेल हे आज कोणालाही माहीत नाही, म्हणून आज सर्व पक्षांना हा कायदा निःपक्षपाती मनाने करणे शक्य आहे. २०३० उजाडल्यावर ते शक्य राहणार नाही. मार्च २०२२ चा कायदा आपण दोन्ही बाजूंच्या संमतीने केला होता, त्याअर्थी तो त्याच संमतीने दुरुस्तही करता येईल. शासन विधेयक आणणार नसेल तर आपल्यापैकी कोणीही सदस्याने ते अशासकीय विधेयक म्हणून येत्या अधिवेशनात मांडावे. जे सदस्य मांडण्यास तयार असतील त्यांच्यासाठी कलमवार मसुदा करणे, त्याच्या प्रती वॉर्डावॉर्डांत वाचून दाखविणे आणि आलेल्या सूचना लिहून पाठविणे, हे काम आम्ही सानपाड्यातील काही रहिवासी, गावातील आणि सेक्टरांतील मिळून, करण्यास सिद्ध आहोत.



आपला नम्र,
एक करदाता रहिवासी
सानपाडा, नवी मुंबई